ठोकळे जोडताना
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाविषयी मी चार शब्द बोलावेत अशी सूचना आली, तेव्हा संगणकाची थोरवी गाण्याचा भाग मी प्रथमच वगळून टाकला. ते काम वृत्तपत्रांतून रोज होत असते. मी एकच लहान प्रश्न घेऊन उभा आहे. ज्या मुलाने नुकतेच पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करावयास सुरुवात केली आहे, त्याने ते ठोकळे कसे मांडावेत?

पालकांना वाटेल, हा वर्गातला प्रश्न, तो मेळाव्यात कशाला? परंतु कोडिंगच्या शिकवण्यांच्या जाहिराती आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिल्या आहेत. मुलगा इतक्या महिन्यांत इतके गेम तयार करील, असे त्यांत सांगितलेले असते. फी भरावी की न भरावी, आणि भरली तर मुलाला खरोखर काही येऊ लागले की नाही हे कसे ओळखावे, असे अनेक पालक मला विचारतात. त्यांपैकी बहुतेकांनी स्वतः कधी संगणक हाताळलेला नाही. तरीही त्यांना हे ओळखता येईल, आणि ते कसे, हे याच लहान प्रश्नातून निघते.

प्रथम, ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिच्यात आज्ञा टंकलिखित करावयाच्या नसतात. ‘दहा पावले चाल’, ‘पंधरा अंश वळ’, ‘दहा वेळा पुन्हा कर’ अशा आज्ञांचे रंगीत ठोकळे तयार मिळतात. ते उचलायचे आणि एकाखाली एक अडकवायचे. पडद्यावरच्या पात्राला ती माळ लागू होते आणि हिरवा झेंडा दाबला की पात्र हालचाल करू लागते. प्रणाली विनामूल्य आहे. एकदा संगणकावर बसवून घेतली की इंटरनेट नसले तरी चालते, आणि आपल्या तालुक्यातील पाड्यांचा विचार करता ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडे पवईच्या आयआयटीने ‘कॉम्प्युटर मस्ती’ नावाची शालेय पुस्तके तयार केली. त्यांतही क्रमाक्रमाने विचार करण्याच्या धड्यांबरोबर स्क्रॅच आलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर माध्यमिकपूर्व टप्प्यातच, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचा उल्लेख केला. तेव्हा हा विषय शहरी हौसेचा राहिलेला नाही.

या ठोकळ्यांचा मोठा गुण असा की त्यांत शुद्धलेखनाची चूक होतच नाही. टंकलिखित प्रोग्रॅममध्ये एक स्वल्पविराम चुकला की संगणक अडून बसतो आणि मूल रडकुंडीस येते. येथे जो ठोकळा जेथे बसत नाही तो तेथे अडकतच नाही. पण याच गुणाच्या पोटी एक दोष आहे. संगणक कधी रागावत नसल्याने पसाऱ्याबद्दल मुलाला कोणीच टोकत नाही. ठोकळे पडद्यावर कोठेही पडलेले असले, एकच माळ वीस ठिकाणी उतरवलेली असली, तरी मांजर चालते आणि मुलाला वाटते, काम झाले.

हे केवळ आपल्याकडचे आहे असे समजू नये. २०११ साली परदेशातील तीन संशोधकांनी स्क्रॅच शिकणाऱ्या मुलांच्या सवयी तपासल्या. त्यांना दोन खोडी ठळकपणे दिसल्या. पहिली, काय करावयाचे हे न ठरवता जे ठोकळे कामाचे वाटतील ते सर्व पडद्यावर ओढून आणायचे आणि मग त्यांचे काय होते ते पाहायचे. दुसरी याच्या उलट, म्हणजे एकाच कामाचे इतके बारीक तुकडे करायचे की ते काम कोठे सुरू होते व कोठे संपते हे सापडू नये. पुढे २०१६ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथील फेलिएन हर्मन्स व त्यांच्या सहकारी एफ्थिमिया ऐवालोग्लू यांनी सुमारे अडीच लक्ष स्क्रॅच प्रोग्रॅम तपासले. मुले स्वतःचा ठोकळा क्वचितच तयार करतात आणि उतरवलेल्या व वापराविना पडून राहिलेल्या माळा मात्र पुष्कळ आढळतात, असे त्यांना दिसून आले. त्याच वर्षी त्यांनी मुलांवर एक प्रयोग केला. लांबलचक माळ असली की मुलांना प्रोग्रॅम समजून घेणे जड जाते, आणि एकच माळ अनेक ठिकाणी उतरवलेली असली की त्यात बदल करणे जड जाते, असे त्यातून निघाले. म्हणजे नीटनेटकी मांडणी ही मोठ्या अभियंत्यांची चैन आहे, मुलांना तिची काय गरज, असे म्हणण्यास आता जागा राहिली नाही.

उदाहरण आपल्याच मुलखातले घेऊ. वारली चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना त्या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. या चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचे वर्तुळ आणि हातापायांच्या रेघा. तारपा वाजतो आहे आणि त्याच्याभोवती फेर धरून माणसे नाचत आहेत, हा देखावा स्क्रॅचमध्ये काढावयाचा आहे असे समजा. (संगणकाने काढलेले ते चित्र वारली चित्र होत नाही, हेही मुलांना त्याच वेळी सांगावे. ती कला ज्यांची त्यांचीच आहे. आपण तिच्यातून फक्त भूमिती घेतो आहोत.)

नवशिका विद्यार्थी काय करतो? एक माणूस काढतो. त्याला, धरा, तीस ठोकळे लागले. मग ती माळ उतरवून दुसरा, पुन्हा उतरवून तिसरा. बारा नर्तक झाले की तीनशे साठ ठोकळ्यांची एक माळ होते, जी पडद्यावर कितीही सरकवली तरी संपत नाही. चित्र छान दिसते, आईवडील कौतुक करतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणतात, माणसे जरा लहान कर. झाले! बारा ठिकाणी बदल करावयाचे, त्यांत दोन ठिकाणी राहून जातात, आणि दोन नर्तक राक्षसासारखे उभे राहतात.

आता हेच काम शिस्तीने करू. स्क्रॅचमध्ये स्वतःचा ठोकळा तयार करून त्यास नाव देण्याची सोय आहे. पहिला ठोकळा करा, ‘त्रिकोण काढ’. त्याच्या पोटात एवढेच: पेन खाली, मग तीन वेळा ‘बाजूइतकी पावले चाल, उजवीकडे १२० अंश वळ’, आणि शेवटी पेन वर. तीन वेळा १२० म्हणजे ३६०, म्हणून त्रिकोण पुरा होताच पात्र मूळ जागी, मूळ दिशेस तोंड करून उभे राहते. दुसरा ठोकळा, ‘माणूस काढ’. पात्र कमरेच्या जागी उभे आहे. ते डावीकडे ३० अंश वळते, त्रिकोण काढते, १८० अंश वळते, पुन्हा तोच त्रिकोण काढते, पुन्हा १८० अंश वळते, आणि उजवीकडे ३० अंश वळून पहिल्यासारखे होते. छाती झाली, कंबरेखालचा भाग झाला, आणि दोहोंसाठी त्रिकोण एकच लिहिला. डोके आणि हातपाय यांचे ठोकळे असेच वेगळे करावेत. तिसरा ठोकळा, ‘फेर काढ’. रंगमंचाच्या मध्यावरून १०० पावले बाहेर जा, माणूस काढ, १०० पावले मागे ये, ३० अंश वळ. हे बारा वेळा, कारण बारा त्रिक छत्तीस. त्रिकोणाची बाजू ३० ठेवली तर सगळा फेर रंगमंचात मावतो, कारण रंगमंच ४८० रुंद व ३६० उंच असतो.

मुख्य माळेत आता तीनचार ठोकळे उरले. पुसून टाक, मध्यावर जा, फेर काढ. ज्याला स्क्रॅच येत नाही तोही हे वाचून काय चालले आहे ते सांगू शकेल. माणसे लहान करावयाची असतील तर ‘बाजू’ हा एकच आकडा बदलावयाचा.

या उदाहरणात एक बारकावा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक ठोकळा काम संपल्यावर पात्राला जेथून घेतले तेथेच, त्याच दिशेला परत आणून ठेवतो. शेवटचे १८० अंश वळणे विसरले तर पहिला माणूस अगदी बिनचूक दिसतो. पण मग १०० पावले मागे जाताना पात्र मध्यावर न येता बाहेर जाते आणि दुसरा नर्तक भलतीकडेच उगवतो. मुले तासभर दुसऱ्या माणसात चूक शोधत बसतात, आणि चूक असते पहिल्याच्या शेवटी. आपल्या आया शेजारणीकडून पाटा-वरवंटा आणतात, तेव्हा तो धुऊन परत करतात. ठोकळ्यानेही तसेच वागावे.

आता नावांकडे येऊ. स्क्रॅच पात्राला आपणहून ‘स्प्राइट-१’ असे नाव देते, निरोपाला ‘मेसेज-१’ असे देते. बहुतेक मुले ती तशीच राहू देतात. पात्रे दोन असेपर्यंत काही बिघडत नाही. सहा झाली की ‘मेसेज-४ आला की स्प्राइट-५ लपव’ या वाक्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही चार दिवसांनी लागत नाही. नाव देण्यास पाच सेकंद लागतात, आणि ते पात्र आणताक्षणीच द्यावे, मागाहून देऊ म्हणून ठेवू नये.

येथे आपल्याकडचा एक खास प्रश्न उभा राहतो. घरी कोणी उर्दू बोलतो, कोणी गुजराती, कोणी वारली, शाळेत मराठी, आणि जाहिरातीतले कोडिंग इंग्रजी. नाव कोणत्या भाषेत द्यावे? स्क्रॅच देवनागरी नावे विनातक्रार घेते. माझे मत असे की शेजारी बसणाऱ्या जोडीदारास जी भाषा वाचता येते तीत द्यावे. इंग्रजीत स्पेलिंग चुकवून दिलेल्या नावापेक्षा ‘वजन’, ‘फेऱ्या’, ‘उरलेले ट्रक’ ही नावे शंभरपट बरी. पुढे टंकलिखित भाषा शिकताना इंग्रजी नावे देता येतील. त्यासाठी आजच अडून बसण्याचे कारण नाही.

निरोपांचा विषय निघाला म्हणून अच्छाडच्या नाक्याचेच उदाहरण देतो. महामार्गावरचा सीमा नाका कोणाला ठाऊक नाही? मुलांना त्याचा देखावा करावयास सांगितला, तर ती उत्साहाने करतात. पात्रे तीन: ट्रक, वजनकाटा आणि फाटक. ट्रक काट्यावर येतो, काटा वजन सांगतो, वजन मर्यादेत असेल तर फाटक वर होते व ट्रक निघून जातो.

पहिल्या खेपेस सर्व ठीक चालते. दुसऱ्यांदा हिरवा झेंडा दाबला की ट्रक पडद्याच्या उजव्या टोकालाच उभा, फाटक आधीच वर, आणि वजनाचा आकडा मागचाच. मुले म्हणतात, संगणक बिघडला. संगणक मुळीच बिघडलेला नसतो. झेंडा दाबल्याने पात्रे आपापल्या मूळ जागी परत जात नाहीत, ती मागच्या खेळात जेथे थांबली तेथेच राहतात. यास्तव प्रत्येक पात्राच्या माळेच्या आरंभी ‘मांडामांड’ नावाचा स्वतःचा ठोकळा ठेवावा. ट्रक डावीकडे, फाटक खाली, वजन शून्य. नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी रंगमंचावरील खुर्च्या जागेवर ठेवतात, तसेच हे आहे. (स्वतःचा ठोकळा ज्या पात्रात केला त्याच पात्राला मिळतो, म्हणून मांडामांड प्रत्येकाने आपली आपली करावयाची.)

आणि मर्यादेचा आकडा? तो तीन ठिकाणी हाताने लिहिलेला आढळतो. त्याला ‘वजनमर्यादा’ असे चल करून नाव द्यावे आणि मांडामांडीत एकदाच सांगावे. गणितात क्ष धरतो तसेच, फक्त क्षला अर्थाचे नाव.

दुसऱ्या खोडीचेही दर्शन या नाक्यावरच घडते. एखादा हुशार विद्यार्थी ट्रकच्या हालचालीचे आठनऊ तुकडे करतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या निरोपावर सुरू होतो, काही तुकडे ‘सतत’ चालू राहून कशाची तरी वाट पाहत असतात, आणि कोणता आधी चालेल हे नशिबावर असते. कधी फाटक ट्रकच्या आधी, कधी ट्रक फाटकातून आरपार! तुकडे करावेत ते कामाच्या सांध्यावर. ‘ट्रक काट्यावर आला’ हा एक निरोप, ‘वजन झाले’ हा दुसरा, ‘फाटक उघडले’ हा तिसरा. ट्रकचे काट्यापर्यंत येणे हे एक सलग काम आहे, ते एकाच माळेत राहू द्यावे. माळ पडद्यावर एका दृष्टिक्षेपात मावावी हा ढोबळ नियम बहुतेक वेळा पुरतो.

टिपा लिहिण्याविषयी थोडक्यात सांगतो. ठोकळ्याला पिवळी चिठ्ठी चिकटवता येते. ‘येथे दहा पावले चालतो’ अशी चिठ्ठी निरुपयोगी, ते ठोकळ्यावर लिहिलेलेच आहे. ‘दहाऐवजी वीस केले तर ट्रक काटा ओलांडून जातो’ ही चिठ्ठी उपयोगाची. विस्कटलेल्या माळा एका आज्ञेने ओळीत लावण्याचीही सोय आहे, ती घरी जाण्यापूर्वी वापरावी. त्याने विचार सुधारत नाही, पण डोळ्यांना बरे वाटते. वापरात नसलेले सुटे ठोकळे मात्र फेकून द्यावेत. ‘पुढे लागतील’ म्हणून ठेवलेले ठोकळे पुढे लागल्याचे मला फारसे दिसलेले नाही.

शिक्षक सहकाऱ्यांना एक विनंती आहे. हे सर्व पहिल्याच दिवशी फळ्यावर नियम म्हणून लिहू नये. पहिले दोनतीन तास मुलाला मांजर नाचवू द्यावे, आवाज काढू द्यावा, पसारा करू द्यावा. बदल करावयाची वेळ आली आणि बारा ठिकाणी हात घालावा लागला, की स्वतःच्या ठोकळ्याची गोडी त्याला आपोआप कळते. औषध आजारानंतर द्यावे. नाव देणे तेवढे पहिल्या दिवसापासून.

क्रमाने आणि नावानिशी सांगण्याची ही रीत संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. ‘अल्गोरिदम’ हा शब्द नवव्या शतकात बगदाद येथे काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला, हे आपल्या मेळाव्यांतून पुष्कळदा सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. त्याने काय केले हे मात्र सांगायचे राहते. बीजगणितावरील आपल्या ग्रंथात त्याने समीकरणांचे सहा प्रकार पाडले, प्रत्येक प्रकार सोडविण्याच्या पायऱ्या चिन्हांशिवाय साध्या शब्दांत दिल्या, त्यांना उदाहरणांची जोड दिली आणि आकृती काढून त्या पायऱ्या का बरोबर आहेत हेही दाखविले. समोरचे कोणतेही समीकरण आधी या सहांपैकी एका प्रकारात आणायचे, मग पायऱ्या लावायच्या. प्रत्येक गणितासाठी नवी माळ जोडत बसण्याची गरज त्याने ठेवली नाही. त्या विषयाचे शालेय गणितात आजही जे नाव आहे, ‘अल्जिब्रा’, तेही याच ग्रंथाच्या नावातील ‘अल-जब्र’ या शब्दावरून आले.

आता पालकांकडे वळतो. आपल्या भागात एका संगणकावर दोन, कधी तीन मुले बसतात. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. मध्येच वीज जाते. लग्नसराईत, पावसात, कधी कुटुंब वीटभट्टीवर गेले म्हणून मूल आठवडेच्या आठवडे येत नाही. शहरातल्या मुलाचा स्वतःचा लॅपटॉप असतो, त्याचा पसारा त्याच्यापुरता राहतो आणि त्याला तो कसातरी आठवतो. आपल्या मुलाचा प्रोग्रॅम मात्र उद्या दुसरेच मूल उघडणार असते. जोडीदार गैरहजर असताना त्याला तो वाचून पुढे नेता आला, तरच काम पुढे सरकते. आणि महिन्याभराने परत आलेल्या मुलीला आपला अर्धा राहिलेला प्रोग्रॅम उघडताच समजला, तर ती त्या बाकावर पुन्हा बसते. समजला नाही तर ‘मला हे जमत नाही’ म्हणून ती मागे सरते आणि माऊस कायमचा जोडीदाराच्या हाती जातो. हे मी वर्गात पाहिले आहे, आणि मागे सरणाऱ्यांत मुली अधिक असतात हेही पाहिले आहे. म्हणून मांडणीची शिस्त ज्यांच्याकडे साधने कमी त्यांनाच जास्त हवी, असे माझे ठाम मत झाले आहे.

तेव्हा मुलाने पडद्यावर गेम दाखविला की कौतुक जरूर करा, पण लगेच म्हणा, आता ठोकळे दाखव. कोणत्याही एका माळेवर बोट ठेवून विचारा, ही काय करते? त्याने एका वाक्यात सांगितले तर ठीक. ‘क्लासमध्ये असेच सांगितले होते’ असे उत्तर आले तर तुम्ही भरलेली फी गेमसाठी गेली, मुलासाठी नव्हे. मग विचारा, हा ट्रक जरा सावकाश चालवायचा असेल तर काय बदलशील? बदल एका ठिकाणी करतो की दहा ठिकाणी धावतो ते पाहा. तुम्हाला इंग्रजी येत नसले, संगणक येत नसला, तरी हे दिसते. आपण गवंड्याला ‘ही भिंत येथे का घेतली?’ असे विचारतोच की नाही? त्यासाठी आपल्याला करणी धरता यावी लागत नाही.

ज्या घरी संगणक नाही, त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर आज्ञा लिहाव्यात. तारप्याचा फेर जमिनीवर, खडूने रेघ मारत, एकाने आज्ञा वाचत व दुसऱ्याने चालत पुरा करता येतो. १८० अंश वळायचे विसरले की चालणारा भिंतीवर जातो, आणि सगळ्यांना कळते.

येत्या शनिवारपासून संगणकाच्या तासाला एक नवी रीत सुरू करीत आहोत. प्रत्येक जोडीने आपला नाक्याचा प्रोग्रॅम उघडा ठेवून उठावयाचे आणि शेजारच्या जोडीच्या जागेवर बसावयाचे. मग त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एका ट्रकचे तीन ट्रक करावयाचे. वेळ पंधरा मिनिटे. ज्यांचा प्रोग्रॅम आहे त्यांनी तोवर बोलावयाचे नाही. पालकांना पाहावयास यावयाचे असेल तर अवश्य यावे, मागची दोन बाके त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आहेत.